पंच्याऐंशी मुलांचे खाते

बँकेत सदतीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोनच कामे नीट जमतात, असे आमचे एक स्नेही म्हणत: दुसऱ्याच्या हिशेबातली चूक काढणे आणि नातवंडे सांभाळणे. २०२५ च्या उन्हाळ्यात ही दोन्ही कामे माझ्याकडे एकाच वेळी चालून आली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी लेकीकडे मुक्काम होता. नातू चौदा वर्षांचा. शाळेला सुट्टी. सकाळी दूध पिऊन तो तळघरातल्या टीव्हीसमोर बसे, तो जेवायला तीनदा हाक मारावी तेव्हा वर येई. एके दिवशी लेक म्हणाली, ‘‘बाबा, हा खाली तासन्‌तास काय करतो ते एकदा बघा ना. मला तर वेळ नाही आणि त्याच्या बाबांना विचारावं, तर तेच त्याच्या शेजारी जाऊन बसतात.’’

थोडक्यात, मला लेखापरीक्षणाला बसवले. मी चश्मा पुसून तळघरात उतरलो.

खेळाचे नाव ‘कॉलेज फुटबॉल २५’. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीचा, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळायचा व्हिडिओ गेम. किंमत सत्तर डॉलर. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकेचा, डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्याला गाद्या बांधून खेळायचा. नियमांचे पुस्तक जाडजूड आहे, पण गाभा माझ्यासारख्याला दोन मिनिटांत कळला. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही नेला तर बहुधा चेंडू समोरच्याच्या हवाली. तिमाहीची उद्दिष्टे गाठता गाठता ज्याचे केस पांढरे झाले, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कळायला वेळ लागला तो ‘कॉलेज’ या शब्दाचा अर्थ. आपल्याकडे विद्यापीठाचे सामने म्हटले की चार मित्र, दोन प्राध्यापक आणि एक चहावाला. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे मैदान आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे, १९२२ साली बांधलेले. त्यात एक लाखाहून अधिक माणसे बसतात आणि हंगामातल्या शनिवारी ते भरते. शेजारच्या मिशिगन विद्यापीठाचे मैदान त्याहून मोठे. दोघांचे वैर इतके जुने, की २०२४ च्या नोव्हेंबरात ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरले, तेव्हा पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले तरी जावईबापूंच्या मनातला तो सल गेलेला नाही. एवढी गर्दी, एवढी तिकिटे, दूरचित्रवाणीचे एवढे करार. आणि मैदानावर पळणारी मुले? ती विद्यार्थी. वर्षानुवर्षे त्यांना शिष्यवृत्ती मिळे, पगार नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा खेळ मध्यंतरी अकरा वर्षे बंद का होता, ते त्यावाचून कळत नाही.

हो, बंद होता. १९९३ मध्ये नामवंत प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या नावाने या कंपनीने महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला खेळ काढला. मग दरसाल नवी आवृत्ती येऊ लागली. शेवटची आली २०१३ च्या जुलैत. त्यानंतर थेट जुलै २०२४.

जुन्या आवृत्त्यांत खेळाडूंना नावे नसत. नुसता पाठीवरचा आकडा आणि जागा. मात्र त्या आकड्याच्या मुलाची उंची खऱ्या खेळाडूएवढी, वजन तेवढेच, कातडीचा रंग तोच, राज्यही तेच. बँकेत याला बेनामी खाते म्हणतात. सही सोडून बाकी सगळे ज्याचे त्याचे.

हे बेनामी खाते उघडकीला आणले एड ओबॅनन या माणसाने. हा फुटबॉलचा खेळाडू नव्हे, बास्केटबॉलचा. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाला त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. पुढे खेळ संपला आणि तो लास व्हेगासमध्ये मोटारी विकू लागला. एकदा मित्राच्या घरी गेला असता त्या मित्राच्या मुलाने त्याला पडद्यावर कोण दाखवावे, तर तो स्वतः! तोच डावखुरा, तोच ३१ आकडा, तेच टक्कल. खेळ विकला जात होता आणि ज्याचे सोंग विकले जात होते त्याच्या पदरी छदाम नाही. २००९ मध्ये त्याने महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिच्यावर दावा लावला. त्याच वर्षी सॅम केलर नावाच्या माजी फुटबॉल खेळाडूनेही न्यायालयाची पायरी चढली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती क्लॉडिया विल्केन यांनी ओबॅननच्या बाजूने कौल दिला. खेळाच्या कंपनीने आणि परवाने विकणाऱ्या संस्थेने मिळून चार कोटी, तर संघटनेने दोन कोटी डॉलर देऊन मुलांशी तडजोड केली, आणि खेळच बंद झाला. मुलांना पैसे देण्याची सोय नियमात नव्हती आणि न देता खेळ काढण्याची छाती कोणाची होईना.

मग काळ बदलला. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने संघटनेच्या विरोधात निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून मुलांना आपले नाव, चेहरा आणि कीर्ती विकण्याची मोकळीक मिळाली. ‘कॉलेज फुटबॉल २५’ काढताना कंपनीने खेळाडूंना रीतसर विचारले: तुमचे नाव आणि चेहरा देता का? मोबदला सहाशे डॉलर आणि खेळाची एक प्रत. दहा हजारांहून अधिक मुलांनी होकार दिला. ज्यांनी दिला नाही, त्यांच्या जागी संगणकाने रचलेला कोणी तिऱ्हाईत. आपल्या सहीने उघडलेले खाते ते हे.

आता खेळाविषयी. यात एकच खेळ नाही. पाच-सहा तऱ्हांनी तो खेळता येतो. नातू त्यांना ‘मोड’ म्हणतो. एकाच इमारतीत जशी चालू खात्याची खिडकी वेगळी, कर्जाची वेगळी, लॉकरची वेगळी, तसे.

पहिली खिडकी साधी. दोन संघ निवडा आणि एक सामना खेळा. पाहुण्यांना दाखवायला हीच बरी, कारण इथे मैदाने दिसतात. बॅन्ड, पताका, विद्यापीठांची गाणी, सगळे जागच्या जागी. परक्या मैदानावर खेळत असाल आणि प्रेक्षकांनी गिल्ला केला, तर पडदा थरथरतो आणि कोणी कुठे पळायचे याच्या रेघा वेड्यावाकड्या होतात. गोंगाटात माणसाला सुचेनासे होते, ते त्यांनी असे दाखवले आहे. सामना रंगत जातो तसा खेळाडूंच्या अंगावर माराचा हिशेबही साचत जातो. ज्याला फार धक्के बसतील तो मंदावतो, त्याला दुखापतीची भीती वाढते. कारागिरी अव्वल आहे. माझ्या एका गड्याला तिसऱ्यांदा आडवा केला, तेव्हा मी चक्क ‘आई गं’ म्हणालो.

दुसरी खिडकी इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी खेळायची. आपले विद्यापीठ निवडायचे, सामने जिंकत वर चढायचे आणि बारा संघांच्या अंतिम स्पर्धेपर्यंत पोचायचे. मी इथे एकच सामना खेळलो. समोरचा कोण होता ठाऊक नाही; माझी कीव येऊन त्याने शेवटी शेवटी चेंडू नुसता धरून ठेवला असावा.

तिसऱ्या खिडकीबद्दल पालकांना इशारा द्यावा लागेल. ‘अल्टिमेट टीम’ तिचे नाव. इथे खेळाडू म्हणजे पत्ते. पत्त्यांची बंद पाकिटे मिळतात. फोडल्यावर आत नामांकित खेळाडू निघेल किंवा कोणीही सोम्यागोम्या. पाकिटे खेळून कमावलेल्या नाण्यांनी मिळतात, तशी खरे पैसे मोजूनही मिळतात. सत्तर डॉलर मोजून घेतलेल्या खेळात हा दुसरा गल्ला. जत्रेत आम्ही पाच पैशांत चिठ्ठी काढायचो, तिच्यात आणि हिच्यात मला तत्त्वतः फरक दिसला नाही. लेकीला दिलेल्या अहवालात पहिला शेरा हाच लिहिला: कार्डाचा आकडा या यंत्रात ठेवू नये.

चौथी खिडकी ‘डायनॅस्टी’. म्हणजे राजघराणे. लोक या खेळासाठी अकरा वर्षे जे झुरले, ते मुख्यतः हिच्यासाठी. इथे तुम्ही खेळाडू नसता, प्रशिक्षक असता. मुख्य म्हणा किंवा चढाई वा बचाव सांभाळणारा सहायक म्हणा. तीस हंगामांपर्यंत कारभार चालवता येतो आणि बत्तीस जण मिळून एकाच राज्यात आपापली संस्थाने थाटू शकतात. प्रशिक्षकाचे पिंड तीन: मुलांना चेतवणारा, मुले मिळवणारा आणि डावपेच लढवणारा. शाखाधिकारीही याच तीन जातींचे असतात. मी आयुष्यभर तिसऱ्या जातीचा होतो. इथे हौसेने दुसरी घेतली.

‘‘आजोबा, ओहायो स्टेट घ्या, इझी आहे,’’ नातू म्हणाला.

मी केंट स्टेट घेतले. तेही ओहायोतलेच. ४ मे १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाच्या वेळी नॅशनल गार्डच्या गोळीबारात तिथे चार विद्यार्थी ठार झाले, ते मी कॉलेजात असताना वाचले होते. नाव तेवढ्यावरून ठाऊक. तेव्हा तिथे शिकत असलेला आणि पुढे त्याच संघात खेळलेला निक सेबन नावाचा मुलगा सात राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकणारा प्रशिक्षक झाला, हे जावयांनी सांगितले. पण त्या विद्यापीठाचा संघ? २०२४ च्या हंगामात बारा सामने, बारा पराभव. तोट्यातली शाखा सुधारायला पाठवलेल्या माणसाला अशा ठिकाणी आपल्या घरी आल्यासारखे वाटते.

या मोडमधला खरा खेळ मैदानावर नाही, भरतीत आहे. देशभरातल्या हजारो शाळकरी मुलांची यादी समोर येते. प्रत्येकाला पाच ताऱ्यांपर्यंत मोजमाप. दर आठवड्याला तुम्हाला ठरावीक तास मिळतात आणि ते या मुलांवर खर्च करायचे. याची चौकशी, त्याला निरोप, कोणाच्या घरच्यांशी बोलणे, कोणाला विद्यापीठ दाखवायला बोलावणे. नामांकित विद्यापीठाला तास जास्त, केंटसारख्याला कमी. भांडवलाकडे भांडवल जाते हा नियम तिथेही आहे. प्रत्येक विद्यापीठाला चौदा बाबींत श्रेणी असते: मैदानाचे वातावरण, परंपरा, प्रशिक्षकाची पत, अभ्यासाचा दर्जा वगैरे. आणि प्रत्येक मुलाला त्यांतले काही हवे असते. कोणाला लगेच खेळायला मिळायला हवे, कोणाला व्यावसायिक संघात जायचे आहे, कोणाला घराजवळ राहायचे आहे. मुलाला काय हवे ते ओळखा, आपल्याकडे काय आहे ते पाहा आणि तास तिथे घाला. ठेवी गोळा करण्याची मोहीम यापेक्षा काही निराळी नसते. मी रात्री अकरापर्यंत बसू लागलो. लेक वरून म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं.’’

तिसऱ्या-चौथ्या रात्री माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या भरतीच्या वहीत पैशाचा रकानाच नाही. मी उलटसुलट शोधले. तास आहेत, तारे आहेत, श्रेण्या आहेत, डॉलर नाहीत. आणि खरी हकीकत काय? मी कोलंबसमध्ये असतानाच, ६ जून २०२५ रोजी, न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केले. त्या १ जुलैपासून विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षीची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. जुन्या खेळाडूंना मागील बाकीपोटी जवळपास पावणेतीनशे कोटी डॉलर द्यायचे ठरले. कोणता मुलगा कुठे जातो, यात आज पैशाचा वाटा किती हे तिथल्या न्हाव्यालाही ठाऊक आहे. पैशाच्या भांडणाने जो खेळ अकरा वर्षे बंद पडला, त्याच खेळात प्रशिक्षकाच्या वहीतून पैसा तेवढा गाळला आहे. तेरीज जुळते, पण मुख्य खातेच वहीत नाही, अशी वही मी सही करून पुढे पाठवली नसती.

तरी ‘डायनॅस्टी’ची गोडी कमी झाली नाही, हेही कबूल करतो. चार हंगामांत केंट नऊ सामने जिंकू लागले. खरे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. खेळाचा कायदा असा, की नवी भरती संगणकाने रचलेल्या मुलांचीच होते. चार-पाच वर्षांत तुमच्या संघात सही केलेले खरे नाव एकही उरत नाही. सगळे काल्पनिक, आणि सगळे तुम्ही आणलेले. त्यांत बचावफळीत खेळणारा एक मुलगा होता, दोन ताऱ्यांचा, ओहायोतल्याच एका छोट्या गावचा. घराजवळ राहायचे एवढीच त्याची मागणी होती. मी आणलेला तो पहिला. नातू त्याला ‘आजोबांचा माणूस’ म्हणे.

पाचव्या हंगामाच्या तोंडावर खेळाने मला थांबवले. संघात एक्याण्णव मुले झाली होती. मर्यादा पंच्याऐंशीची. सहा नावे काढल्याशिवाय पुढचे पान उघडेना. यादी गुणवत्तेच्या आकड्याप्रमाणे लावून पाहिली, तर तळाच्या सहांत ‘माझा माणूस’ होता. नवीन आलेले ताज्या दमाचे आणि जास्त ताऱ्यांचे होते. मी जरा थांबलो. नातवाने माझ्या हातातून यंत्र घेतले, टक्‌ टक्‌ टक्‌ सहा वेळा बटण दाबले आणि ते परत दिले.

‘‘अरे, त्याला काढलंस?’’

‘‘आजोबा, तो खरा नाहीये. नुसतं नाव आहे.’’

त्याचे बरोबर होते. ते नुसते नावच होते. पण मला त्या रात्री झोप लागली नाही आणि त्याला कारण ओहायोचा मुलगा नव्हता.

सरकारी बँका खेळाडूंची भरती करत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. क्रिकेट, हॉकी, कबड्डी. बँकांचे संघ असत, आपसांत स्पर्धा चालत. १९९६ च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आमच्या कागदोपत्री एक कारकून होता, खेळाडू कोट्यातून आलेला, कबड्डीतला नावाजलेला चढाईपटू. कागदोपत्री म्हणतो, कारण सहा वर्षे तो शाखेत क्वचितच दिसला. सराव, शिबिर, स्पर्धा. खास रजेचा हुकूम वरून येई. कप आला की वरच्या कार्यालयात फोटो लागे. मग एका सामन्यात पकडीत सापडून त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली. संघातून नाव गेले आणि खास रजाही गेली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तो तगडा मुलगा एका सोमवारी पाय जरा ओढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला: ‘‘साहेब, हजर झालो.’’

त्याला लेजर लिहिता येत नव्हते. स्क्रोल जुळत नसे. कॅश काउंटरवर बसवले तर हात थरथरत. पाच गड्यांत शिरणारा तो, रांगेतल्या म्हाताऱ्यांना घाबरे. सहकारी मागून हसत. वर्षभराने त्याने बढतीच्या परीक्षेसाठी अर्ज केला. शाखेचा अभिप्राय मागवला गेला. मी लिहिले: ‘कामाचे ज्ञान अपुरे. तूर्त शिफारस नाही.’ त्यात खोटे एक अक्षर नव्हते. त्याला कुठून तरी कळले. संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर केबिनच्या दारात येऊन तो म्हणाला, ‘‘साहेब, सहा वर्षं मला कुणी शिकवलंच कुठं?’’ आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होता. मी काय उत्तर दिले? नियमाचे काहीतरी बोललो आणि तिजोरीच्या किल्ल्या घ्यायला उठलो. पुढे माझी बदली झाली. नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, माणसांबद्दल पुष्कळ लिहिले. त्यांतल्या एकाही पानावर तो मुलगा आलेला नाही.

अमेरिकेत या सगळ्याला एक शब्द आहे: ‘स्टुडंट-अॅथलीट’, विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला सात्त्विक. तो एनसीएएचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात, १९५० च्या दशकात रूढ झाला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका महाविद्यालयाचा फुटबॉल खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. विद्यार्थी म्हटले की कामगार नव्हे, आणि सराव म्हटला की अभ्यासाला वेळ नाही. मुलगा दोन्हीकडून मोकळा. निवृत्तीनंतर बायर्स यांनीच १९९५ मध्ये पुस्तक लिहून या व्यवस्थेवर कोरडे ओढले. माणूस खुर्चीतून उठला की त्याला खुर्चीखालचे दिसते. हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी नातवाला म्हणालो, ‘‘आज प्रशिक्षक नको. आज मुलगा व्हायचं.’’

ती पाचवी खिडकी: ‘रोड टू ग्लोरी’, कीर्तीची वाट. यात तुम्ही एकच खेळाडू घडवता. त्याचे नाव, बांधा, खेळण्याची जागा, आणि तो पाच ताऱ्यांचा लाडका की दोन ताऱ्यांचा उपेक्षित, हे ठरवता. मग महाविद्यालयाची चार वर्षे त्याच्या डोळ्यांनी काढता. आधी बाकावर बसायचे, सरावात प्रशिक्षकाचा विश्वास कमवायचा, आपल्या जागेसाठी सहकाऱ्याशी चढाओढ करायची. दर आठवड्याला अंगातले बळ ठरावीक मिळते आणि ते वाटायचे: अभ्यास, नेतृत्व, तब्येत, सराव आणि स्वतःचे नाव. हा शेवटचा रकाना म्हणजे प्रसिद्धी. तो वाढला की जाहिरातींचे करार येतात. प्रशिक्षकाच्या वहीत नसलेला पैसा मुलाच्या वहीत असा डोकावतो.

जाणकार म्हणतात, हा मोड ‘डायनॅस्टी’च्या मानाने तोकडा आहे. त्यांचे खरे आहे. ‘२५’ मध्ये खेळाडूच्या जागा पाचच. शाळेतले दिवस नाहीत. आठवडे एकसारखे वाटू लागतात. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘२६’ मध्ये शाळेतले सामने आले, आणि ‘डायनॅस्टी’त खऱ्या प्रशिक्षकांची नावे आली. तरी तोल तोच राहिला. प्रशिक्षकाच्या राज्याला तीस वर्षे, मुलाला चार. प्रशिक्षकापुढे शेकडो मुले, मुलापुढे पाच रकाने. पण खेळ रचणाऱ्यांनी, कळत की नकळत, एक गोष्ट सचोटीने दाखवली आहे. हे दोन मोड एकाच तबकडीवर आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत. यादीच्या तळाचा सहावा मुलगा मी प्रशिक्षक म्हणून काढतो, तेव्हा त्याने आठवडाभराचे बळ पाच ठिकाणी कसे वाटले होते, हे माझ्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. केबिनमधूनही दिसत नसे.

माझे मत विचाराल तर ‘डायनॅस्टी’ सगळ्यांत रंगतदार आहे, आणि तो खेळावाच. पण ज्या घरी तो खेळला जातो तिथे अधूनमधून ‘रोड टू ग्लोरी’चेही चार आठवडे खेळले जावेत. ‘अल्टिमेट टीम’ला कुलूप असावे. लेकीला मी हाच अहवाल दिला, तोंडी.

आमचा मुलगा आम्ही दोन ताऱ्यांचा घेतला. नातवाने सगळे बळ सरावाला घालायला सुरुवात केली. अभ्यासाचे गुण घसरू लागले. ते फार घसरले तर मैदानावर उतरण्याचीच पंचाईत होते, म्हणून खेळ इशारा देतो. नातू तेवढ्यापुरता एखादा दाणा अभ्यासाला टाकी. मी म्हणालो, ‘‘दे इकडे.’’ आणि पुढचे सगळे आठवडे मी निम्म्याहून अधिक बळ अभ्यासाच्या रकान्यात घातले. प्रशिक्षकाचा विश्वास गोगलगायीच्या गतीने वाढला. नातवाने कपाळावर हात मारला: ‘‘आजोबा, असा तो कधीच खेळणार नाही!’’

दोन हंगाम झाले आणि माझी परतीची तारीख आली. विमानतळावर निघताना नातवाने वचन दिले, की त्या मुलाचे खाते तो पुसणार नाही. मागच्या रविवारी फोनवर विचारले, ‘‘काय रे, आपला माणूस काय म्हणतो?’’

‘‘बाकावर आहे,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘पण मार्क चांगले आहेत.’’